दुकानात बरा, घरी मुका

अ‍ॅम्पचं दुखणं सांगायला अगदी सोपं होतं. तो दुकानात बोलायचा आणि घरी आणला की गप्प बसायचा. अशी माणसं आपल्या पाहण्यात पुष्कळ असतात आणि त्यांना उचलून कोणी मेकॅनिककडे नेत नाही. पण धाकट्यांना तसं सोडून देता येईना, कारण त्यांनी वहिनींना शब्द दिला होता.

धाकटे म्हणजे घरातले धाकटे. थोरले गेले त्याला वर्ष होत आलं, तरी यांचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. केस पिकले, पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे प्रमुख झाले, हाताखालची माणसं त्यांना पाहून खुर्चीतून अर्धवट उठू लागली, पण इमारतीत शिरले की पुन्हा धाकटे. थोरले क्लबच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवायचे आणि हा अ‍ॅम्प त्यांचा. म्हणायला गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, पण उचलायला गेलं की कमरेतून कळ निघावी असं धूड. आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं म्हणून तो लगेच कामाला लागायचा नाही. आधी मागच्या जाळीतून नारिंगी उजेड यायचा, मग लाकूड कोमट व्हायचं, आणि मग आतून 'हं' असा एक लांब हुंकार यायचा. झोपेतून उठवलेल्या वडीलधाऱ्या माणसाने 'काय आहे?' विचारावं, तसा.

थोरल्यांच्या मागे वहिनी धाकट्यांकडे राहायला आल्या आणि वहिनींच्या मागून अ‍ॅम्प आला. वहिनी आतल्या खोलीत राहिल्या, अ‍ॅम्प बाहेरच्या. आल्यापासून वहिनी गाणं म्हणून ऐकत नव्हत्या. शेजारी रेडिओ लागला तरी खिडकी लावून घ्यायच्या. कुठे जाणं नाही, येणं नाही. जेवायला हाक मारली तर येत, नाहीतर नाही. धाकट्यांना घरात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल तर त्या लावलेल्या खिडकीची.

तेवढ्यात क्लबचा हॉल पाडायचं ठरलं आणि बँडवाल्यांनी शेवटचा कार्यक्रम ठेवला. बँडचे म्होरके म्हणजे ड्रमवाले. ते स्वतः आमंत्रण घेऊन आले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांचा अ‍ॅम्प वाजणार असेल तर येईन. दुसऱ्या कुठल्या डब्यातून त्यांची गाणी ऐकायला मी येणार नाही."

"वाजणार म्हणजे वाजणारच, वहिनी. माझ्यावर सोडा," धाकटे म्हणाले. हे वाक्य ते तक्रार विभागात दिवसभर बोलत. तिथे त्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. वहिनींनी ठेवला.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. थोरल्यांनी आयुष्यभर धाकट्यांना त्या अ‍ॅम्पला हात लावू दिला नव्हता. कार्यक्रम संपला, सामान आवरायला लागले, की धाकटे बाह्या सरसावून पुढे व्हायचे आणि थोरले म्हणायचे, "धाकट्या, तू राहू दे. पाडशील." चारचौघांत म्हणायचे. वहिनींसमोर म्हणायचे. लग्न झाल्यावर धाकट्यांच्या बायकोसमोरही म्हणाले. त्यामुळे अ‍ॅम्प घरात आला त्याच दिवशी धाकट्यांनी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा आपल्या हातून पडणार नाही. त्यासाठी त्यांनी एक बसका स्टूल आणला, त्यावर चादर चौघडी करून घातली आणि तान्ह्या बाळाला ठेवावं तसा अ‍ॅम्प त्यावर ठेवला. बायकोला मऊ फडक्याने पुसायला सांगितलं. घरातल्या कोणाला त्यावर पेलासुद्धा ठेवायची परवानगी नव्हती.

"मला इतकं कधी जपलं नाहीत," बायको म्हणाली.

"तू थोरली नाहीस," धाकटे म्हणाले.

बटण दाबलं. वहिनींना शब्द दिला त्याच संध्याकाळी. उजेड आला, लाकूड कोमट झालं, आणि पुढे काही नाही. हुंकार नाही, खरखर नाही, काही नाही. जाळीमागे ते नारिंगी ठिपके नुसते तेवत राहिले. धाकटे समोर बसून राहिले. काही वेळाने त्यांना असं वाटू लागलं की अ‍ॅम्प बिघडलेला नाही, तो आपल्याकडे बघतोय. त्यांनी उठून बटण बंद केलं आणि बायकोला सांगितलं की व्होल्टेज कमी आहे.

मेकॅनिककडे न्यायचं तर लिफ्टने न्यावं लागणार. आणि लिफ्टमध्ये फक्त माणसं, सामान जिन्याने, असा सोसायटीचा नियम. सेक्रेटरी हा माणूस नियमाला स्वतःच्या मुलासारखा जपायचा. त्याने लेखी अर्ज मागितला. अर्ज कमिटीपुढे गेला. कमिटीत पुरेशी माणसं जमेनात. जमली तेव्हा पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि निम्मी उठून गेली. उरलेल्यांनी अर्ज न वाचताच मंजूर केला आणि परवानगीचं पत्र हातात पडलं, त्यात लिहिलं होतं, 'आपल्या थोरल्या बंधूंना लिफ्टमधून ने-आण करण्यास सोसायटीची हरकत नाही.'

"अहो, अ‍ॅम्प राहिला यात," धाकटे सेक्रेटरीला म्हणाले. "बंधूंचा अ‍ॅम्प, असं पाहिजे."

"आता बदलायचं तर पुन्हा कमिटी," सेक्रेटरी म्हणाला. "तुम्हाला न्यायचंय ना? मग न्या की. कोण विचारतंय?"

विचारणारं कोणी नव्हतं, हे खरं. पण वॉचमन नवा होता आणि सरळ होता. थोरल्यांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. पत्रात लिहिलंय तसं त्याने वहीत लिहिलं, 'थोरले, बाहेर.' संध्याकाळी परत आल्यावर, 'थोरले, आत.' धाकट्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण खोडायला सांगावं तर काय म्हणून सांगायचं? त्यांनी वॉचमनला चहाला पैसे दिले आणि गप्प वर आले.

मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो पांढरा कोट घालायचा आणि कोणाचं बोलणं पूर्ण ऐकायचा नाही. त्याने आणि हमालाने अ‍ॅम्प उचलला आणि टेबलावर दाणकन आदळला.

"अहो, हळू. भावाचा आहे."

"मग भावाला काय झालंय?" डॉक्टरने बटण दाबलं. उजेड, ऊब, आणि मग दुकानभर घुमणारा तो हुंकार. डॉक्टरने गिटार लावून तार छेडली. आवाज असा सणसणीत की शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून माणूस डोकावून गेला. "ठणठणीत आहे. घेऊन जा."

घरी आणला, स्टुलावरच्या चादरीवर अलगद टेकवला, आणि मुका. दुसऱ्यांदा नेला. टेबलावर आदळला, ठणठणीत. घरी आणला, मुका. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "हे बघा, ताप दाखवा, मग औषध देतो. माझ्याकडे याला ताप येतच नाही. तुमच्या घरात काय आहे ते बघा."

घरात काय आहे हा प्रश्न एकदा इमारतीत पडला की त्याला उत्तरांची ददात नसते. खालच्या मजल्यावर वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर होते, ते घरच्या बनियनवरच वर आले. त्यांनी भिंतीतला प्लग उघडला, आत बघून चुकचुकले, "अर्थिंग नाही," म्हणाले, आणि तो प्लग उघडाच ठेवून जेवायला गेले. वरच्या मजल्यावरच्या मावशींचं मत वेगळं होतं. त्या अ‍ॅम्पसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "याला कळलंय."

"काय कळलंय?"

"मालक नाहीत ते. माझ्या मामांचं घड्याळ असंच बंद पडलं होतं. याच्याशी बोला जरा. गोडीने."

धाकटे सरकारी नोकर. त्यांनी आयुष्यात गोडीने बोलून काम केलेलं नव्हतं. पण कार्यक्रम जवळ आला होता आणि आतल्या खोलीतून वहिनींनी सकाळीच विचारलं होतं, "भाऊजी, वाजतोय ना?" आणि हे म्हणाले होते, "वाजतोय की." खोटं बोलल्यावर त्यांनी सवयीने अ‍ॅम्पकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा लुकलुकला. तो लुकलुकायचाच अधूनमधून, पण त्या दिवशी धाकट्यांना ते बरोबर वाटलं नाही.

हळूहळू घराचं वळणच बदललं. बाहेरच्या खोलीत सगळे हलक्या आवाजात बोलू लागले. बायकोला काही टाकून बोलायचं असलं की ती धाकट्यांना स्वयंपाकघरात बोलावू लागली. एकदा ती विसरून अ‍ॅम्पसमोरच म्हणाली, "विकून टाका हो हे धूड," आणि मग स्वतःच जीभ चावून पदराने त्याच्यावरची धूळ पुसू लागली.

मग तो रविवार आला. दुपारची जेवणं झाली होती. बायको लवंडली होती, वहिनी आत होत्या, त्यांचं दार नेहमीप्रमाणे किंचित उघडं. अ‍ॅम्प चालू ठेवलेला होता, कारण इंजिनियर म्हणाले होते की तापू द्या. गिटार त्याला जोडलेलीही नव्हती. वाऱ्याने बाहेरचं दार धाडकन आपटलं. भिंत हादरली. आणि अ‍ॅम्पमधून तो हुंकार आला, आपण होऊन. धाकटे पेपर वाचत होते, ते उठून उभे राहिले. घसा कोरडा पडला म्हणून ते जरासे खोकले.

आणि अ‍ॅम्प खोकला.

तो खोकला थोरल्यांचा होता. यात शंकेला जागा नव्हती. स्टेजवर चढल्यावर, सुरुवात करण्याआधी, ते असेच खोकायचे. आधी एक छोटा, मग एक मोठा, आणि शेवटी घसा साफ केल्याचा आवाज. बायको आतून धावत आली आणि दारात थबकली. दोघंही एकमेकांकडे न बघता अ‍ॅम्पकडे बघत राहिली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. रोजच्यासारखा, कामात असल्यासारखा. "पाणी ठेवलंय टेबलावर, घ्या."

धाकट्यांना दाराच्या फटीतून वहिनींचा हात तेवढा दिसला, उशीच्या अभ्र्याची घडी घालता घालता थांबलेला. त्यांना रडू आलं. त्यांनी जाऊन अ‍ॅम्प बंद केला आणि वायर काढून टाकली.

डॉक्टरला हे सांगितल्यावर तो खूश झाला. "आता सांगितलात ताप. हा व्हॉल्व्ह बघा," म्हणून त्याने आतल्या एका काचेवर पेन्सिलीने टिचकी मारली. अ‍ॅम्पने ती टिचकी मोठ्याने परत दिली. "म्हातारा झालाय. म्हातारा झाला की व्हॉल्व्ह ऐकायला लागतो. तुम्ही खोकलात, त्याने तुमचाच खोकला तुम्हाला ऐकवला."

"म्हणजे हा ऐकतो?"

"ऐकतो म्हणजे, हो. ऐकतो."

"पण तो खोकला माझा नव्हता हो. थोरल्यांचा होता."

"सख्खे भाऊ ना? मग कोणाचा खोकला असणार?" डॉक्टरने तो व्हॉल्व्ह उपटला, नवा बसवला, जुना कागदात गुंडाळून धाकट्यांच्या हातात ठेवला. नव्यावर टिचक्या मारून पाहिल्या, समोर बसून खोकून पाहिलं. अ‍ॅम्प काही बोलला नाही. गिटार मात्र सणसणीत वाजली. "गेलं भूत. आणि आत हात घालू नका कधी. बंद असला तरी मारतो हा."

आपला खोकला थोरल्यांसारखा आहे ही गोष्ट इतकी वर्षं कोणी सांगितली नव्हती. घरी येताना धाकटे टेम्पोत एकटेच खोकून पाहत होते. त्यांना बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. घरी त्यांनी अ‍ॅम्प चादरीवर अलगद टेकवला, बटण दाबलं, आणि तो पहिल्यासारखाच मुका. आता खोकतही नव्हता.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी हीच अवस्था. फोनवर डॉक्टर म्हणाला, घरची वीजच वाईट, हॉलमध्ये वाजेल. बुडत्याला हे पुरे होतं. वहिनींनी ठेवणीतले कपडे काढले होते, केस नीट विंचरले होते आणि हातात ती मोठी कापडी पिशवी घेतली होती, जी त्या थोरल्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला न्यायच्या. शेजारच्या खुर्चीवर ती पिशवी ठेवून जागा धरायच्या, कारण थोरले वाजवून झालं की त्यांच्याशेजारी येऊन बसायचे. त्यांना तयार झालेलं बघून धाकट्यांच्या तोंडून खरं बाहेर पडेना. वहिनी आणि बायको पुढे गेल्या. धाकट्यांनी अ‍ॅम्प लिफ्टमध्ये घेतला, एकट्यानेच, आणि खालपर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

खाली वॉचमनने वही उघडली. "थोरल्या साहेबांची तब्येत बरी नाही का?"

"का?"

"लिफ्टमध्ये खोकत होते. वरपासून ऐकू येत होतं. आधी छोटा, मग मोठा."

"मी खोकलो असेन," धाकटे म्हणाले. टेम्पोत बसल्यावर त्यांनी आठवून पाहिलं. त्यांना खोकल्याचं काही आठवेना. शर्टाच्या खिशात तो कागदात गुंडाळलेला व्हॉल्व्ह होता. तो तिथेच आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं. मग उरलेला रस्ता त्यांनी अ‍ॅम्पकडे पाठ करून काढला.

हॉल भरलेला होता. खिडक्यांची तावदानं आधीच काढून नेली होती, त्यामुळे संध्याकाळचा वारा आरपार वाहत होता आणि पडदे उगाचच आत येऊन बाहेर जात होते. गिटार वाजवणार होती ड्रमवाल्यांची मुलगी. थोरल्यांनीच तिला शिकवलं होतं. हमाल अ‍ॅम्प आणायला पुढे झाला तेव्हा धाकट्यांनी त्याला थांबवलं. स्टेजच्या पायऱ्या ते स्वतः चढले. घरून आणलेली चादर त्यांनी थोरल्यांच्या ठरलेल्या जागी अंथरली आणि सगळ्या गावासमोर, जराही आवाज न करता, अ‍ॅम्प तिच्यावर ठेवला. पडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर त्यांनी तो उचलला, आणला आणि पाडला नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वहिनी बसल्या होत्या, शेजारच्या खुर्चीवर पिशवी.

बटण दाबलं. नारिंगी उजेड आला. मग काही नाही.

मुलगी वायरचं टोक हातात घेऊन उभी राहिली. ड्रमवाल्यांनी काठ्या उचलल्या होत्या, त्या खाली केल्या. धाकट्यांनी सगळी बटणं फिरवून पाहिली. प्लग काढून घातला. मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. इंजिनियर तिसऱ्या रांगेतून म्हणाले, "अर्थिंग." धाकट्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळला. त्यांना पहिल्या रांगेकडे बघायचं धैर्य होईना. त्यांना समोर ती लावलेली खिडकी दिसत होती, उद्या, परवा आणि पुढे कायमची.

पायऱ्यांवर पावलं वाजली. वहिनी वर आल्या होत्या. वर्षभरात त्यांनी अ‍ॅम्पकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. आधी अ‍ॅम्पकडे, मग त्याच्याखालच्या चौघडी चादरीकडे.

"हे काय अंथरलंय, भाऊजी?"

"चादर. धक्का लागू नये म्हणून."

"घरीही असंच ठेवत होतात?"

धाकट्यांनी मान हलवली.

"मग कसा बोलेल तो?" वहिनी म्हणाल्या. "त्याच्या आतलं काहीतरी पहिल्यापासून सैल आहे. हे आपटायचे त्याला. रोज, इथेच, याच जागी. काढा ती चादर आणि पाडा."

"वहिनी, मी..."

"पाडा हो, भाऊजी. मी सांगते ना."

डॉक्टरचं टेबल धाकट्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दर वेळचा तो दाणकन आवाज. रविवारचं ते आपटलेलं दार. सगळं त्यांच्यासमोर होतं आणि ते जपत बसले होते. त्यांनी चादर ओढून काढली, अ‍ॅम्प वीतभर उचलला, डोळे मिटले, आणि थोरल्यांनी जन्मभर ज्याची भीती घातली तेच केलं. हात सोडले.

स्टेजच्या फळ्या हादरल्या. झांजा आपोआप किणकिणल्या. आणि मग तो हुंकार आला, खोल आणि संथ, खुर्च्यांच्या पायांतून वर चढणारा. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. वायरचं टोक अजून मुलीच्या हातातच होतं. धाकट्यांनी श्वास रोखून धरला होता. कोणीही खोकलं नव्हतं.

अ‍ॅम्प खोकला. आधी छोटा, मग मोठा, आणि शेवटी घसा साफ केल्याचा आवाज.

ड्रमवाल्यांच्या हातातली काठी गळून पडली आणि घरंगळत स्टेजच्या कडेला गेली. धाकट्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. व्हॉल्व्ह तिथेच होता, कागदात, गार.

वहिनींनी मात्र कपाळाला आठी घातली. "आधी उशीर करायचा आणि वर खोकायचं," त्या म्हणाल्या, रोजच्यासारख्या. मग मुलीकडे वळल्या. "जोड गं ती वायर. लोक थांबलेत."

त्या पायऱ्या उतरून आपल्या जागेवर गेल्या. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी उचलली, मांडीवर घेतली, आणि पाय जरा आवरून बसल्या, खुर्चीत शिरणाऱ्याला वाट देतात तशा.